मेंदू आणि आपण : लेखांक ९ – डोक्याची झडती

आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना थोडी बदलते, हे मागच्या लेखांकात आलं होतं. आजचा भाग वाचताना ते लक्षात असू द्या. ही असली चंचल आठवण पोलिसांना, हेरखात्याला, लष्कराला मेंदूतून परस्पर काढून घ्यावीशी वाटली तर काय होतं, हा आजचा विषय. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. आपल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्याच जिल्ह्यात, पुण्याला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात हे घडून गेलं आहे.

१२ जून २००८ रोजी सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी एका खून खटल्यात व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप सुनावली. ज्याच्याशी आधी लग्न ठरलं होतं त्या तरुणाला तिने प्रसादातून सोमल दिला, असा आरोप होता. परिस्थितिजन्य पुरावे इतरही होते. पण निकालपत्रात मेंदूच्या एका चाचणीची सविस्तर चर्चा आली आणि तिचा आधारही घेतला गेला. आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याची ‘अनुभवाची आठवण’ सापडली, हे मान्य करून शिक्षा देणारा हा जगातला बहुधा पहिला निकाल. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत झळकली. आपल्याकडे मात्र ती खुनाच्या बातम्यांच्या गर्दीत विरून गेली.

कोर्टकचेरीत या चाचणीला सरसकट ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणतात. तिचं पूर्ण नाव ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’. ती तयार केली डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत ते चिकित्सा मानसशास्त्राचे विभागप्रमुख होते. चाचणीत माणसाला खुर्चीत बसवून डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालतात. डोळे मिटायचे, तोंडातून अक्षर काढायचं नाही. मग तपास अधिकाऱ्यांच्या माहितीवरून बेतलेली वाक्यं त्याला एकेक करून ऐकवतात, तीही प्रथमपुरुषी : ‘मी सोमल विकत घेतला’, ‘मी तो प्रसादात मिसळला’ अशा थाटाची. संगणक मेंदूतल्या विजेची नोंद घेतो आणि ही गोष्ट या माणसाला नुसती माहीत आहे की त्याने ती स्वतः केलेली आहे, ते सांगतो. निदान तसा दावा आहे.

त्या तरुणीने चाचणीला होकार दिला होता. त्या होकाराकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

दाव्यात काय खोट आहे ते समजायला आपल्याला घरचंच उदाहरण आहे. खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण आकाशातले इतके क्षीण संदेश टिपते की आसपासचा मोबाइल किंवा मोटारीची ठिणगीसुद्धा त्यांच्यावर मात करते. मेंदूतल्या विजेचं तेच आहे. टाळूवर पोचेपर्यंत तिचं माप व्होल्टच्या काही लाखाव्या भागाइतकं उरतं. पापणी लवली, जबडा आवळला की त्याचा ठसा मेंदूच्या लाटेपेक्षा मोठा उमटतो. पण क्षीण संदेश वाचता येत नाही, असं खोडदवाले म्हणत नाहीत. ते तो वाचतात. मात्र एकच जागा पुन्हा पुन्हा तपासतात, आपली रीत छापून प्रसिद्ध करतात, ठरावीक मुदतीनंतर नोंदी इतरांना खुल्या करतात आणि दुसऱ्या देशातली दुर्बीण वेगळं सांगत असेल तर त्यावर वाद घालतात. ब्रेन मॅपिंगने यातलं काय केलं? स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते तपासून पाहण्याआधीच ते कोर्टात जाऊन बसलं.

२००८ मध्येच निम्हान्सचे तेव्हाचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने आपलं मत दिलं : ही चाचणी पुरावा म्हणून वापरण्याइतकी शास्त्रीय नाही. ज्या संस्थेत मुकुंदन यांनी उमेदीची वर्षं काढली, त्याच संस्थेच्या प्रमुखाने हे सांगावं, यात मला शास्त्राची अब्रू दिसते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीची शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

तांत्रिक दोषापेक्षा मोठा दोष मला दुसराच वाटतो. कोठडीत माणसाला तोच आरोप दिवसभर ऐकवला जातो. तो रात्री पडल्या पडल्या तो प्रसंग मनात रंगवतो, कारण रंगवल्यावाचून राहवतच नाही. मग टोपी घातल्यावर ‘मी सोमल विकत घेतला’ हे वाक्य कानी पडलं की त्याच्या मेंदूत जे हलतं ते केल्याचं की शेकडो वेळा कल्पिल्याचं? आठवण आणि कल्पना मेंदूतली बरीचशी यंत्रणा वाटून घेतात, हे आपण लेखांक ८ मध्ये पाहिलं. त्या दोहोंची वाटणी करून देणारा तलाठी अजून कोणत्याही प्रयोगशाळेला सापडलेला नाही.

आता कोर्टातून हेरखात्याच्या खोलीत येऊ. या साऱ्या शास्त्राची आवड मुळात तिथली. माहितीची वस्तू दिसली की मेंदूत सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी एक लाट उठते. तिच्यावर आधारलेलं ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ अमेरिकेत लॉरेन्स फारवेल यांनी पुढे आणलं, त्यांच्या कामाला सीआयएचा पैसा होता. २००१ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने सीआयए, एफबीआय, संरक्षण खातं यांना विचारलं की तुम्ही हे वापरणार का? त्यांना त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. ज्यांनी पैसा दिला त्यांनीच माल नाकारला, आणि सात वर्षांनी त्याच्या चुलतभावंडाला आपण पुण्यात साक्षीला उभं केलं.

अमेरिकेचं कौतुक करायचं म्हणून हे सांगत नाही. याच सीआयएने १९५३ पासून ‘एमके-अल्ट्रा’ नावाखाली माणसांना नकळत एलएसडी पाजून त्यांची मनं मोडता येतात का ते पाहिलं. अमेरिकी लष्कराचाच एक शास्त्रज्ञ, फ्रँक ओल्सन, तसा डोस मिळाल्यावर काही दिवसांत न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून मेला. १९७३ मध्ये संचालकांच्या हुकमाने कागद जाळले-फाडले गेले. तरी प्रकरणाचा बराच तपशील बाहेर आला, कारण जमाखर्चाचे कागद दुसऱ्या ठिकाणी ठेवलेले होते आणि ते १९७७ मध्ये हाती लागले. बाजार समितीत उठबस असलेल्या वाचकांना यात नवल वाटू नये. हिशेबाची वही भल्याभल्यांना नडते.

आपल्याकडे मेंदूपर्यंत जायची दुसरी वाट औषधाची होती. सोडियम पेंटोथाल देऊन अर्धवट गुंगीत बोलतं करायचं, ती नार्को चाचणी. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या तिन्हींना मुभा दिली. पुढे तेलगीच्या नार्कोची चित्रफीतच वाहिन्यांवर दिसली. गुंगीतल्या माणसाची बडबड देशभर रात्रीच्या जेवणाबरोबर ऐकली गेली. ती बाहेर कुणी दिली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

दहशतवादाच्या तपासात तर या चाचण्या नेमाच्या झाल्या. ११ जुलै २००६ चे मुंबईतले लोकल बॉम्बस्फोट घ्या किंवा त्याच वर्षीचा मालेगावचा स्फोट घ्या, दोन्हींत आरोपींची नार्को झाली. मालेगावच्या त्या प्रकरणात आधी पकडलेले आरोपी २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. लोकलच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी सांगितलं आणि अपील पुढे चालू राहिलं. या माणसांच्या दोषाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की मेंदू उघडून खरं काढणारी साधनं हाताशी असूनही एका प्रकरणात त्या आरोपींवर खटला उभाच राहिला नाही आणि दुसऱ्यात एकोणीस वर्षांनीही शेवटचा शब्द आला नाही. स्फोटात ज्यांची माणसं गेली, त्यांना या साधनांनी काय दिलं?

कोर्टातली चूक निदान दिसते. निकालपत्र असतं, वकील असतो, वर उच्च न्यायालय असतं, समिती नेमता येते. गुप्तवार्तेच्या कामात हीच चाचणी झाली तर तिचा कागद कोणाच्या हाती पडणार? टोपीने ‘आठवण आहे’ म्हटलं आणि त्या भरवशावर कुणाच्या दारावर थाप पडली, तर चूक झाल्याचं कळणार कसं? ‘आम्ही पुरावा म्हणून वापरत नाही, फक्त दिशा मिळते’ हे उत्तर मी बरेचदा वाचलं आहे. ते मला पटत नाही. चुकीची दिशाही माणसाला थेट दारापर्यंत नेऊन सोडते. जे साधन उघड्यावर टिकलं नाही ते बंद खोलीत वापरू नये, असं माझं मत आहे. गुप्ततेची गरज मला मान्य आहे. पण गुप्तता नावाची, ठिकाणाची, खबऱ्याची असावी. रीत गुप्त राहिली की तिथे शास्त्र संपलं.

आणि उद्या यंत्र अचूक झालं तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण यंत्रं सुधारतात. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात दिलेलं आहे. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करणं घटनेच्या कलम २०(३) आणि २१ विरुद्ध ठरवलं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि तोंड मिटलेलं असताना मेंदूकडून काढलेली साक्ष ही साक्षच होय, असा त्याचा मथितार्थ. यात ‘यंत्र कच्चं आहे म्हणून’ एवढाच मुद्दा नव्हता. काय बोलायचं आणि काय मनात ठेवायचं हे ठरवण्याचा माणसाचा हक्क तिथे मानला गेला. यंत्र पक्कं झालं तर त्या हक्काची किंमत वाढेल. एवढ्यावर तरी न्यायालय मागे हटलेलं नाही : जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात त्याने सक्तीची नार्को पुन्हा नाकारली.

आता त्या होकाराकडे. सेल्वीने स्वेच्छेच्या चाचणीला दार उघडं ठेवलं. पण कोठडीतला होकार किती स्वेच्छेचा? ‘काही केलं नसेल तर भ्यायचं काय?’ एवढं वाक्य पुरतं. भीमाशंकरच्या खोऱ्यातला आदिवासी मजूर असो की मंचरच्या बाजारातला हमाल, फौजदारापुढे ‘नाही’ म्हणायला लागणारं बळ कागदावरच्या अंगठ्यात दिसत नाही.

आणि जो फौजदारापेक्षाही मोठ्या हुकमाखाली असतो त्या जवानाचं काय? दोन्ही तालुक्यांतली पोरं पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळताना आपण रोज पाहतो. जगभरची लष्करं जवानाचा मेंदू जागा, तीक्ष्ण, निर्भय ठेवण्याच्या मागे आहेत. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात ‘पेर्विटिन’च्या गोळ्या वाटल्या. अमेरिकी वैमानिकांना जागं राहण्याच्या गोळ्या मिळत. १७ एप्रिल २००२ रोजी अफगाणिस्तानात एका वैमानिकाने चुकून आपल्याच बाजूच्या चार कॅनेडियन सैनिकांना मारलं, तेव्हा बचावात त्या गोळ्यांचं नाव पुढे आलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या लष्करी संशोधन संस्थेने धडधाकट सैनिकाचा मेंदू शस्त्रक्रियेशिवाय यंत्राला जोडण्यावर पैसा लावायला घेतला. गोळी घ्यायला जवान ‘हो’ म्हणेलच. ‘नाही’ म्हणाला तर त्या मोहिमेवर दुसरा जाईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे ओळखलेलं आहे : हुकमाच्या उतरंडीत असल्याने ज्यांची संमती खास जपायची, त्या यादीत संरक्षण दलातली माणसं आणि कच्चे-पक्के कैदी एकाच ओळीत येतात. पण ती तत्त्वं संशोधनाला लागू आहेत. हुकमाला ती अडवत नाहीत. शिवाय घटनेचं कलम ३३ संसदेला सैन्यातल्या आणि गुप्तवार्ता संस्थांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करू देतं. म्हणजे सेल्वीने संशयिताच्या डोक्याला जी भिंत बांधून दिली, ती सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या पोराच्या डोक्याभोवती तितकीच उंच आहे, असं खात्रीने म्हणता येत नाही. मेंदूशी संबंधित उपकरणं आणि औषधं यांच्यापुरता, ‘नकार दिल्याने बढती वा नेमणूक अडणार नाही’ अशी हमी देणारा स्पष्ट नियम लष्करी कायद्यात हवा. तो मागायला माजी सैनिकांच्या संघटनांइतकं योग्य कुणी नाही, आणि त्या तालुक्या-तालुक्यांत आहेत.

तोवर नागरिकांपुरतं जे आजच हाती आहे ते सांगतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली लाय डिटेक्टरसाठी घातलेले नियम सेल्वीने नार्को आणि ब्रेन मॅपिंगलाही लावले आहेत. चाचणीला बोलावलं तर नकार देता येतो. होकार द्यायचा तर आधी वकील मिळाला पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगितले गेले पाहिजेत, आणि तो होकार पोलीस ठाण्यात न देता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला पाहिजे. आपल्याकडे ती न्यायालयं जुन्नरला आणि घोडेगावला आहेत. चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा होत नाही. स्वेच्छेच्या चाचणीच्या मदतीने नंतर काही वस्तू वा माहिती सापडली तर ती मात्र पुराव्यात येऊ शकते, म्हणून होकार विचार करूनच द्यावा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे.