बिनपगारी, फुल अधिकारी (भाग १७) : मृत साठा, उपयुक्त साठा

थकलेली बिलं कशी वसूल करायची ते या आठवड्यात सांगतो म्हणालो होतो. सांगणार नाही. बिलं कुठं पळून जात नाहीत, देणारेच पळतात, आणि ते आणखी आठ दिवस पळाले तरी आपल्याला सवय आहे. मध्येच एक प्रश्न आलाय आणि त्यानं माझी जुनी खाज जागी केलीय.

विचारणारा पोरगा आमच्या औंढ्याच्या पंचक्रोशीतलाच. लग्न, बारसं, प्री-वेडिंग असं शूटिंग करतो. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडेला संध्याकाळी जी जोडपी ओढणी उडवत उभी दिसतात, त्यातली निम्मी याची. इन्स्टाग्रामवर अकरा हजार फॉलोअर. त्याला व्हॉट्सअॅपवर निरोप आला : ‘जिल्ह्यातील पहिल्या दहा इन्फ्लुएन्सरमध्ये आपली निवड झाली आहे. अभिनंदन!’ खाली प्रमाणपत्र, ट्रॉफी, फोटोसह बातमी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात नोंदणी शुल्क, चार हजार नऊशे नव्व्याण्णव. तो मला विचारतो, ‘दादा, भरू का? धंद्याला फायदा होईल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं : नको. ज्या निवडीची पावती आधी आपल्याला फाडावी लागते ती निवड नव्हे, ती विक्री. पण दुसरा प्रश्न खरा आहे. एखाद्या यादीत आपला नंबर वर लागला, तर आपल्यासारख्या सुट्या कामांवर पोट असणाऱ्याला त्यातून मिळतं काय?

आता माझी खाज. जुन्या वाचकांना आठवत असेल, मी भाग ४ मध्ये ‘क्लाउट’चं नुसतं नाव घेऊन पुढं सटकलो होतो. जो फर्नांडिस नावाच्या अमेरिकन माणसाच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली आणि तोंड तारांनी बांधलं गेलं. बोलणं बंद, म्हणून सगळा संवाद ट्विटर-फेसबुकवर. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की कोणाच्या शब्दाला किती वजन आहे हे मोजता येईल. २००८ मध्ये त्यानं त्यासाठी क्लाउट ही वेबसाइट सुरू केली. प्रत्येकाला १ ते १०० मधला एक आकडा. पाहता पाहता तो आकडा लोकांच्या रोजच्या आयुष्यात घुसला. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर कॅथे पॅसिफिक कंपनीनं २०१२ मध्ये चाळीस किंवा त्याहून जास्त आकडा असलेल्या मंडळींना आपलं लाउंज उघडून दिलं. पुढच्या वर्षी माझाही आकडा ४४ झाला. पण औंढ्याच्या स्टँडवर त्या ४४ साठी कुणी बाकावर सरकून जागाही दिली नसती.

याच काळातली सॅम फिओरेला यांची गोष्ट ‘वायर्ड’ मासिकानं छापली आणि ती जगभर फिरली. पंधरा वर्षं मार्केटिंग सल्लागार म्हणून काम केलेला हा माणूस २०११ मध्ये टोरंटोतल्या एका एजन्सीत मुलाखतीला गेला. समोरच्यानं विचारलं, तुमचा क्लाउट किती? त्यांना माहीतच नव्हतं. समोरच्यानं स्क्रीन फिरवून दाखवली : ३४. मुलाखत तिथंच आटोपली आणि जागा ६७ वाल्याला गेली. पुढं फिओरेलांनी हट्टानं आकडा ७२ वर नेला. अनुभव होता तेवढाच राहिला, आकडा मात्र दुप्पट झाला.

क्लाउटच्या गमतीही बऱ्याच. एक काळ असा होता की जस्टिन बीबरला शंभरपैकी शंभर आणि अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा त्याच्या खाली. ऑगस्ट २०१२ मध्ये हिशेबाची रीत बदलली, ओबामा वर गेले, बीबर खाली आला. त्या आठवड्यात दोघांनी वेगळं काही केलेलं नव्हतं, बदलली होती ती फूटपट्टी.

माझ्या आकड्याचीही गंमत झाली. तेव्हा मी मोबाइल अॅपमधला मजकूर मराठीत आणायची कामं करायचो. पुण्यातल्या एका एजन्सीनं माझा ४४ बघून फोन केला, काम दिलं. म्हणजे आकड्यानं काम मिळतं, हे मी नाकारत नाही, मला मिळालंय. त्यानंतर फेब्रुवारीत आमची हळद निघाली. हळद शिजवायची म्हणजे पहाटे कढई पेटवायची, दिवसभर वाफ अंगावर, वाळवणीचा पसारा, रात्री हात पिवळेधमक. फोन हातात धरायची सोयच नाही. क्लाउटचा हिशेब मागच्या नव्वद दिवसांवर चालायचा. हळद बाजारात जाईपर्यंत मी ३७ वर आलो होतो. पोटापाण्याचं खरं काम केलं म्हणून माझं वजन घटलं! एजन्सीचं दुसरं काम मात्र त्याच महिन्यात आलं, कारण पहिलं काम त्यांना आवडलं होतं. त्या वेळी आकडा कुणी विचारला नाही.

क्लाउट २०१४ मध्ये लिथियम टेक्नॉलॉजीज या कंपनीनं घेतलं आणि २५ मे २०१८ ला ते बंद पडलं. युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला तोच दिवस. दहा वर्षं लोकांनी जपलेले आकडे एका दिवसात गेले. लिंक्डइनच्या सोनेरी बिल्ल्याचंही तेच झालं. २०२३ मध्ये ठरावीक प्रश्नांना उत्तरं लिहून ‘टॉप व्हॉइस’ होता येत होतं. माझ्या ओळखीतले तीन भाषांतरकार रात्र-रात्र जागून झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीनं ते बिल्लेच काढून टाकले. दुसऱ्याच्या वावरात बांधलेलं घर, दुसरं काय.

आता धरणाकडं येतो, कारण मला हे सगळं कळलं ते धरणामुळं.

पावसाळ्यात आमच्याकडं एकच चौकशी : धरण किती टक्के? वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, दोन्ही धरणं पूर्णा नदीवर. येलदरीला पाण्यावर वीज तयार होते, ते पाणी खाली सिद्धेश्वरमध्ये अडवतात आणि तिथून कालव्याला सोडतात. सिद्धेश्वरचा एकूण साठा अडीचशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास. त्यातला उपयुक्त साठा सुमारे ८१. उरलेला सगळा मृत साठा. पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, फोटोत झकास येतं, पण कालव्याच्या तोंडाच्या खाली असतं. वावरात जात नाही. म्हणून आमचा शेतकरी भरलेलं धरण बघून खूश होतो खरा, पण विचारतो ते वेगळंच : पाणीपाळी कधी?

फॉलोअरचं तसंच धरा. मी पोराला म्हणालो, तुझ्या अकरा हजारांतले उपयुक्त किती ते बघ. त्यानं इन्स्टाग्रामच्या आतली शहरवार आकडेवारी उघडली. सगळ्यात वर पुणे, मग मुंबई, आपली हिंगोली तिसरी. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांब, पुण्यातल्या सगळ्यांना मृत साठ्यात ढकलू नकोस. आपल्याकडची निम्मी तरणी पोरं पुण्याला नाहीतर चाकणला आहेत, आणि लग्नाला ती गावीच येतात. ती तुझी गिऱ्हाइकं. ज्यांना तुझ्या रीलचं नुसतं गाणं आवडलं, ते मृत.

मग रँकिंगचा उपयोग नाहीच का? आहे. तो कसा असतो हे बघायचं असेल तर गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला जावं. जुन्नर तालुक्यातलं हे गाव. तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. सुट्या कामाचा एवढा जुना, एवढा उघडा बाजार महाराष्ट्रात दुसरा मी पाहिलेला नाही. पंचांनी प्रत्येक फड पाहिलेला असतोच असं नाही, ते पाटीवरचं नाव बघून राहुटीत शिरतात. नाव मोठं तर बोलणी वरच्या आकड्यापासून सुरू होतात. पण गेल्या जत्रेत फडानं पहाटेपर्यंत रंग राखला की मध्यरात्रीच आवरतं घेतलं, याची बातमी शेजारच्या गावातून आधीच आलेली असते, आणि सौदा त्यावर तुटतो किंवा जुळतो. नाव राहुटीच्या दारापर्यंत आणतं. त्याचं एवढंच काम, पण आपल्या धंद्यात ते फार मोठं काम आहे. ओळखीपाळखी नसलेल्या शहरातल्या माणसानं आपला फोन उचलणं, यासाठी कितीतरी चांगले कलाकार आयुष्यभर खपतात.

त्याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या, आणि दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांकडून मदत गोळा करावी लागली. आता राज्य सरकार त्यांच्याच नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. यावर मी काही बोलत नाही.

फायद्याचा दुसरा प्रकार फुकटच्या वस्तूंचा. लाइटवाला लाइट पाठवतो, बॅगवाला बॅग पाठवतो, ‘फक्त एक रील टाका’ म्हणतो. हे उत्पन्न आहे, शेजारणीनं दिलेलं हळदीकुंकवाचं वाण नव्हे. १ जुलै २०२२ पासून आयकरात १९४-आर हे कलम आलं : धंद्यापोटी एका वर्षात एकाकडून वीस हजारांवरचा असा लाभ मिळाला तर देणाऱ्यानं दहा टक्के कर कापायचा. वापरून परत केली तर लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. आणि रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायचं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं हे २०२१ मध्ये सांगितलं, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. बॅगेनं किराणा येत नाही हे मात्र दोघांनीही सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो.

आणि तिसरं, पोराला मी जे करायला लावलं ते. रँकिंग हवंच असेल तर गिऱ्हाईक जिथं शोधतं तिथलं मिळव. औंढ्यातला नवरदेव ‘जिल्ह्यातले पहिले दहा इन्फ्लुएन्सर’ असं कधीच शोधणार नाही. तो मोबाइलवर ‘फोटोग्राफर’ टाकणार आणि नकाशावर पहिली दोन-तीन नावं येतील त्यांना फोन लावणार. तिथं क्रम कसा लागतो हे गूगलनंच सांगून ठेवलंय : शोधाशी मेळ, अंतर आणि ख्याती. पैसे भरून हा क्रम वर सरकत नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. अंतर आपल्या हातात नाही, धरण उचलून हिंगोलीत नेता येत नाही. बाकी दोन हातात आहेत. आपण काय करतो ते नीट लिहायचं, ‘मेमरीज क्रिएटर’ वगैरे नको, सरळ ‘लग्नाचे फोटो, व्हिडिओ, ड्रोन’. पत्ता आणि वेळ खरी टाकायची. आणि ज्यांची लग्नं आपण काढली त्यांना अल्बम हातात देताना, ते खुशीत असतानाच, चार ओळी लिहायला सांगायचं. मराठीत लिहिल्या तरी चालतात, उलट मराठीत लिहिल्या तर आमच्याकडची माणसं त्या वाचतात.

पोरानं पाच वर्षांत दीडशेच्या वर लग्नं काढलीत. नकाशावर त्याच्या नावापुढं अभिप्राय होते सहा, त्यातला एक त्याच्या मेव्हण्याचा. मी त्याला सांगितलं, जुन्या वहीतले नंबर काढ आणि रोज तिघांना फोन कर. गेल्या बारा दिवसांत सहाचे एकोणीस झाले. जिंतूरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला, बैठकही झाली. सौदा जुळला की नाही ते पुढच्या भागात बिलांबरोबर सांगतो.

त्यानं ते पैसे भरले नाहीत. परवा ती यादी लागली. पहिल्या दहा जणांच्या यादीत चौदा नावं आहेत.