डाग चांगले आहेत, सरकारने पैसे दिलेत!

टेबलावर कॉफी सांडली, पुसायचा कंटाळा केला. वाळल्यावर बघता तर काय, डाग मध्ये फिका आणि कडेला गडद! असं का होतं, माहीत आहे का? शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी याचा छडा लावला आणि १९९७ मध्ये उत्तर थेट ‘नेचर’मध्ये छापून आलं.

गंमत अशी, की थेंबाची कड टेबलाला घट्ट चिकटून बसते आणि वाळताना आत सरकतच नाही. त्यात कडेचं पाणी सगळ्यात भराभर उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धाव घेतं आणि जाताना कॉफीचे कणही ओढून नेतं. शेवटी सगळे कण कडेला, मधलं मैदान रिकामं.

पिक्चर अभी बाकी है! २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने (लाडाचं नाव ‘पेन’) यावर तोडगा काढला. गोल कणांच्या जागी लांबट कण टाका. ते थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांत असे अडकतात, की कडेपर्यंत पोचतच नाहीत. डाग एकसारखा! गृहिणींपेक्षा जास्त खूश कोण झालं असेल? शाई आणि रंगवाले.

आता बिल कुणाच्या नावावर? दोन्ही विद्यापीठांत एक गोष्ट कॉमन आहे : अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणारं मटेरियल्स रिसर्च सेंटर. आणि या सेंटरांच्या जन्माला कारणीभूत कोण, माहीत आहे का? रशिया!

ऑक्टोबर १९५७. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा ‘स्पुटनिक’ नावाचा गोळा आकाशात बीप-बीप करत फिरू लागला आणि वॉशिंग्टनची झोप उडाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये संरक्षण खात्यात ‘अर्पा’ ही संस्था निघाली. (हो, पुढे इंटरनेटची पणजी ‘अर्पानेट’ जन्माला घालणारी तीच ही.) रॉकेट, इंजिनं, इलेक्ट्रॉनिक्स, जिकडेतिकडे घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी : तेवढा ताण आणि ताप सोसणारा माल कुठून आणायचा?

मग १९६० मध्ये अर्पाने तीन विद्यापीठं निवडली : कॉर्नेल, पेन आणि नॉर्थवेस्टर्न. बघता बघता आकडा डझनावर गेला. अट एकच, भौतिकवाले, रसायनवाले आणि धातूवाले एका छपराखाली बसतील आणि महागडी यंत्रं वाटून वापरतील. प्राध्यापकांना यंत्र शेअर करायला लावणं! माझ्या मते खरा चमत्कार हाच, बाकीचं नुसतं विज्ञान.

बाय द वे, ‘मटेरियल्स सायन्स’ नावाचा जगातला पहिला विभागही नॉर्थवेस्टर्नचाच. त्याआधी तिथे पाटी होती धातुशास्त्राची.

या सेंटरवाल्यांनी आणखी काय काय शोधलं, बघा. चिवड्याचा डबा हलवला की मसाला तळाशी आणि मोठे तुकडे वर, बरोबर? शिकागोवाल्यांनी १९९३ मध्ये काचेचे मणी नळकांड्यात हलवून पाहिले. मणी मधून वर चढतात आणि भिंतीलगतच्या अगदी पातळ थरातून खाली उतरतात. मोठा मणी वर चढतो खरा, पण त्या चिंचोळ्या परतीच्या वाटेत मावत नाही. बसतो वरच अडकून. वन-वे तिकीट!

कॉर्नेलमध्ये १९७१ ला डग्लस ओशेरॉफ नावाच्या विद्यार्थ्याला निरपेक्ष शून्याजवळ दाबलेल्या हेलियम-३ च्या आलेखात बारीकसा वाक दिसला. दुसरा कुणी असता तर यंत्र बिघडलं म्हणून चहाला गेला असता. हा मात्र चिकटून राहिला. निघालं काय? अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारं, हेलियम-३! गुरू डेव्हिड ली आणि रॉबर्ट रिचर्डसन यांच्यासह १९९६ मध्ये नोबेल. आणि ऐका, या शोधाच्या पहिल्या पेपरचं शीर्षकच चुकलेलं होतं. त्यात हेलियमची नवी *घन* अवस्था सापडल्याचं म्हटलं होतं.

प्लॅस्टिकमधून वीज वाहते, माहीत आहे का? टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि चंदेरी चकचकीत पापुद्रा तयार झाला. पेनचे रसायनवाले अ‍ॅलन मॅकडायर्मिड सोनेरी रंगाच्या एका संयुगावर व्याख्यान द्यायला तिथे गेले होते. ग्रीन टी पिता पिता एकाने सोनेरी माल दाखवला, दुसऱ्याने चंदेरी. झालं! शिराकावा पेनला आले, भौतिकवाले अ‍ॅलन हीगर सामील झाले, पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि विद्युतवाहकता तब्बल एक कोटी पट वाढली. शोध १९७७, नोबेल २०००. पेनच्या त्या सरकारी सेंटरचे संचालक तेव्हा कोण होते? हीगरच.

मधल्या काळात अमेरिकन संसदेने लष्कराला दटावलं : ज्या संशोधनाचा लष्कराशी थेट संबंध, त्यालाच पैसे द्या. म्हणून १९७२ मध्ये सगळ्या सेंटरांचं बिऱ्हाड नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे हललं. १९९४ पासून नवं नाव एमआरएसईसी, बोलीत ‘मर्सेक’. २०२३ चा हिशेब घ्या : नऊ सेंटरं, १६ कोटी २० लाख डॉलर. म्हणजे प्रत्येकी एक कोटी ऐंशी लाख, तेही सहा वर्षांत. मुदत संपली की पुन्हा स्पर्धेच्या रांगेत. जावयाचा मान कुणालाच नाही!

शाळकरी मुलांपर्यंत पोचणं हेही या सेंटरांचं काम. विस्कॉन्सिनच्या सेंटरने नॅनोजग समजवायला लेगोचे ठोकळे वापरले. गृहपाठ असावा तर असा.

आपल्याकडे? केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटींचं नॅनो मिशन काढलं. पवईच्या आयआयटीतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची यंत्रं तर बाहेरच्या कॉलेजातल्या संशोधकांनाही वापरता यावीत म्हणून सरकारने खास योजना चालवली.

आणि हे घ्या गोड, पुन्हा अमेरिकेतूनच. तेव्हा प्रिन्स्टनमध्ये असलेले पॉल चेकिन यांना एम अँड एमच्या चॉकलेट गोळ्यांचं भलतं वेड, म्हणजे आपल्या जेम्ससारख्या. विद्यार्थ्यांनी चेष्टेने गोळ्यांचं आख्खं ५५ गॅलनचं पिंप त्यांच्या ऑफिसात आणून ठेवलं. सर हसले, मग विचारात पडले : या चपट्या गोळ्या इतक्या दाटीवाटीने कशा काय बसतात? कशाही ओतलेल्या गोल गोट्या ६४ टक्के जागा भरतात, या गोळ्या ६८ टक्के! एकेक गोळी सरासरी दहाएक शेजाऱ्यांना टेकलेली. आत गोळ्या गुपचूप ओळीने तर लागल्या नाहीत ना, ही शंका फेडायला त्यांचा चक्क हॉस्पिटलमध्ये एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल. २००४ मध्ये पेपर ‘सायन्स’मध्ये.