आमचा माळ पडीक आहे का?

तिकोणा गड आपल्या सर्वांना माहीत आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक गाड्या घेऊन येतात, गड चढतात व उतरून निघून जातात. परंतु गडाखाली जो गवताचा माळ आहे, तिकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्या माळावर आमचीही थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर तिच्यापुढे 'पोटखराबा' असे लिहिले आहे. म्हणजे ज्यात पीक निघत नाही अशी जमीन. मागच्या वर्षी एक पाहुणे ती विकत मागायला आले होते. ते म्हणाले, "या पडीक माळावर आहे तरी काय?" आबा ओसरीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र ते वाक्य लागले.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तात्यांबरोबर तीन दिवस गुरांमागे माळावर गेलो आणि दिसेल ते वहीत लिहिले. तात्या हसले. म्हणाले, "भूगोलात अमेरिकेची प्रेअरी पाठ करतोस, आता घरची प्रेअरी बघ की!"

माळावर झाडे फार थोडी आहेत. कारण माती जेमतेम वीतभर, तिच्याखाली कातळ. पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी आणि पुढे आठ महिने थेंब नाही. अशा जागी गवतच टिकते. वरून ते वाळून जाते, पण मुळे जिवंत राहतात व मातीला धरून ठेवतात. गुरांना मारवेल जास्त आवडते. कुसळी कोवळी असली तर खातात, पिकली की तोंड लावत नाहीत. पिकलेली कुसळी म्हणजे आपल्या कपड्यांना टोचते तीच.

या कुसळीची एक गंमत सांगतो. तिच्या बियाला लांब शेपटी असते व शेपटीला पीळ असतो. मी एक कुसळ पाण्यात भिजवून पाटीवर ठेवले, तर ते आपोआप गरगर फिरू लागले! भिजले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. असे होता होता बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. म्हणजे कुसळी स्वतःची पेरणी स्वतःच करते. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात सर्वांना दाखवला. पालकांनीही घरी करून पाहावा.

माळाच्या कडेला ओढ्याने खोल घळ पाडली आहे. वरून पाहिले तर पोटात गोळा येतो. तात्यांचा हात धरून मी खाली उतरलो. घळीच्या भिंतीत दगडाचे थर एकावर एक दिसतात, जशा भाकरी रचून ठेवाव्यात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला व पसरून थिजला. असे पुन्हा पुन्हा झाले. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी दिसते. ती त्या वेळची माती आहे, वरून आलेल्या रसाने भाजलेली. आपला गड, समोरचा तुंग, पलीकडचे लोहगड-विसापूर, सगळे याच थरांचे. मधले दगड पाण्याने झिजवून नेले.

घळीत ओलावा असतो, म्हणून जनावरे तिथे येतात. मला साळिंदराचा एक काटा सापडला. तो मी शाळेत आणला आहे. संध्याकाळी कुत्रे भुंकल्यासारखा आवाज आला. तात्या म्हणाले, "कुत्रं न्हाई ते, भेकर हाय." भेकर हे लहान हरीण असे भुंकते, हे मला त्या दिवशी कळले. शिवाय ससे, लावे आणि कापशी. कापशी हवेत एका जागी पंख हलवत थांबते आणि उंदीर दिसला की खाली झेप घेते.

याच कातळात माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली. पवनेच्या पलीकडे बेडशाचे लेणे आहे. तिथल्या खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल व त्यांच्यावर बसलेली माणसे आहेत. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटा या मावळातूनच जात, आणि बौद्ध भिक्षू पावसाळ्यात लेण्यांत राहत. आपल्या गडावरही तळजाईचे देऊळ आहे ते लेण्यातच. गड पुढे निजामशाहीत होता. १६५७ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला व १६७० साली परत मिळवला. तेव्हाची घोडी काय खात असतील? मला वाटते, हेच गवत.

आता वणव्याचे सांगतो. आमच्याकडे दर वर्षी शिमग्यानंतर माळ जाळायचे. आबांचे म्हणणे, जाळले की गवत लवकर फुटते. हे खोटे नाही. पण मी गुरुजींना विचारले तेव्हा ते म्हणाले की रोपटी, किडे, अंडी सगळे त्यात जळते आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. मी घरी हट्ट धरला. शेवटी आबांनी मध्ये चार हात रुंदीची पट्टी साफ करून अर्धाच माळ जाळला.

चैत्रात न जाळलेल्या बाजूला, गवताच्या कडेला उघड्या खड्यांत टिटवीने चार अंडी घातली. ती अगदी खड्यांसारखी दिसतात, पाय पडायचाच बाकी होता. चारांतून तीन पिल्ले निघाली. पावसाळा लागला तेव्हा जळालेल्या बाजूला हिरवे आधी दिसले आणि गुरे तिकडेच धावली. आबा माझ्याकडे पाहून हसले. परंतु मोठा पाऊस झाला, तेव्हा त्या बाजूचे पाणी तांबडे गढूळ होऊन ओढ्यात आले, आणि दुसऱ्या बाजूचे बरेच नितळ. आबा छत्री घेऊन बराच वेळ तिथे उभे होते. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "औंदा जाळायचं का न्हाई, बघू."

सध्या माळावर सोनकी फुलली आहे. ते पाहुणे दसऱ्यानंतर पुन्हा येणार आहेत. मी माझी वही आबांच्या चंचीजवळ ठेवली आहे.