48 व्होल्टचा फसवा आकडा

विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या बॅटरीवर आणि चार्जरवर ‘48 व्होल्ट’ हा एकच आकडा छापलेला आढळला, म्हणजे ती दोन्ही परस्परांस अनुरूप असलीच पाहिजेत, असा ग्राहकाचा स्वाभाविक समज होतो. परंतु हा आकडा नाममात्र असून, निकेलयुक्त लिथियमचे 13 घट एकसर जोडणीत असतील तर भरणा 54.6 व्होल्टला थांबावा लागतो, आणि लोह-फॉस्फेटचे 16 घट असतील तर तो 58.4 पर्यंत न्यावा लागतो. दुसऱ्या जातीचा चार्जर पहिल्या बॅटरीस लावला, तर प्रत्येक घटावर 4.2 ऐवजी जवळजवळ 4.5 व्होल्टचा दाब येऊ शकतो. बॅटरीतील संरक्षक मंडल असा भरणा बहुधा तोडते, तथापि ते निकामी झाल्यास घट तापून पेट घेण्याचा धोका खराच आहे.

काही चार्जरांच्या अंतर्भागात भरण्याचा अंतिम दाब कमीअधिक करण्याचा स्क्रू असतो. त्याला हात लावणे हे माहीतगार कारागिराचेच काम होय, कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरांत घातक विद्युत्भार काही काळ शिल्लक राहतो.

चार्जर ज्यात लावायचा, त्या सॉकेटास अर्थिंग हवेच. उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सैल प्लग किंवा गुंडाळून ठेवलेली एक्स्टेन्शनची वायर तासन्‌तास तापत राहते.

चार्जर बदलण्याची वेळ आली, तर वाचकांनी दुकानदाराकडे बॅटरीची जात आणि भरण्याचा अंतिम व्होल्टेज यांची लेखी खातरजमा अवश्य मागावी.