घोडं कुठं अडलं? तबेल्यात भेटलेली संशोधनपद्धती



पीएचडी करणाऱ्याला प्रत्येक लग्नात एक प्रश्न हमखास विचारला जातो, "मग, घोडं कुठं अडलंय?" माझ्या बाबतीत हा प्रश्न शब्दशः लागू पडतो. माझा विषय मानसशास्त्र. घोडेस्वारी शिकणारी मुलं आणि त्यांचे घोडे एकमेकांना कसं ओळखू लागतात, याचा अभ्यास मी नाशिकमध्ये करते आहे. नाशिकला घोडे तसे नवे नाहीत. टांग्यांचे दिवस आठवणारी माणसं अजून आहेत, आणि १९३७ साली सुरू झालेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारीही शिकवली जाते.

आजचा लेख एका चुकीबद्दल आहे. माझ्याच. पेट देऊन संशोधनात उतरणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पण त्याआधी घोडा कसा शिकतो ते पाहू.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःही घोडीवर बसले. थांबवायचं म्हणून लगाम ओढला, ती थांबली, मी खूश. खाली उभे असलेले मोतद्दार मामा म्हणाले, "ताई, ओढलात ते ठीक. पण सोडलात कधी?" मी लगाम तसाच ताणून धरला होता. घोडी मान झटकत होती आणि मला वाटत होतं, ही हट्टी आहे.

मामांच्या त्या एका वाक्यात नेटच्या अभ्यासक्रमातला एक अख्खा मुद्दा आहे. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं आपल्यापैकी बरेच जण लिहून येतात. ते चूक आहे. शिक्षेमुळे वर्तन कमी होतं, प्रबलनामुळे वाढतं. ऋण प्रबलनात नकोशी गोष्ट काढून घेतली जाते, म्हणून वर्तन वाढतं. लगामाचा ताण घोड्याला नकोसा असतो. तो थांबला की त्याच क्षणी ताण सैल व्हायला हवा. ओढण्यातून घोड्याला फक्त प्रश्न कळतो, उत्तर बरोबर आल्याचं सोडण्यातून कळतं. थांबल्यावरही ताण राहिला, तर थांबून काहीच फायदा नाही एवढंच तो शिकतो. हळूहळू तो लगामाला दाद देईनासा होतो, आणि मग आपण आणखी जोरात ओढतो. भागीदारी बिघडते ती अशी. घोड्याशी जुळवून घेण्याचे बरेचसे धडे याच वेळेच्या अचूकपणावर उभे आहेत: खूण लहान ठेवा, रोज तीच ठेवा, आणि उत्तर मिळताच सोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे घोडा आपल्याला सतत वाचत असतो. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला धरून किंवा त्याच्यावर बसून तेच अंतर चार वेळा पार करायचं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना तर कुणी काही सांगितलंही नव्हतं!

याच वाचण्यातून संशोधनाच्या इतिहासातला एक प्रसिद्ध घोटाळा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता. गणित विचारलं की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ साली समिती बसली, तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टनं दोन गोष्टी बदलून पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्स चुकायचा. विचारणारा त्याला दिसत नसेल, तरीही चुकायचा. म्हणजे हान्स आकडे मोजत नव्हता. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, ते तो टिपत होता. गंमत म्हणजे हे समजल्यावरही त्या बारीक हालचाली थांबवणं फुंग्स्टला स्वतःला जड गेलं.

हा किस्सा मी सेमिनारमध्ये रंगवून सांगितला होता. आणि नंतर नेमकी तीच चूक केली.

माझा अंदाज होता की बसण्याआधी जी मुलं घोड्याला स्वतः खरारा करतात, त्यांच्याखाली घोडा शांत राहतो. मी व्हिडिओ काढले. कान मागे पाडणं, शेपटी झटकणं, मान उडवणं या अस्वस्थतेच्या खुणा मोजल्या. फरक झकास आला. परिषदेसाठी गोषवाराही लिहून झाला. मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "मोजलं कुणी?" मीच. "आणि खरारा कुणी केला होता, हे तुला माहीत होतं?" होतं.

मग खराऱ्याचा भाग कापला, तुकड्यांचा क्रम उलटसुलट केला आणि काहीही न सांगता मैत्रिणीला मोजायला दिले. फरक जवळजवळ विरून गेला. शेपटी माशीमुळे हलली की रागानं, हे मी प्रत्येक वेळी माझ्या अंदाजाच्या बाजूनं ठरवत होते. गोषवारा मागे घेतला. दोन दिवस घरी कुणाशी धड बोलले नाही.

यातून तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, काय मोजायचं याची व्याख्या आधी लिहा: 'अस्वस्थ' असं मोघम नको, 'दोन्ही कान मागे, सलग दोन सेकंद' असं हवं. दोन, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. तीन, निदान काही भाग दोघांनी स्वतंत्रपणे मोजावा आणि दोघांचा मेळ तपासावा. मुलाखती घेणाऱ्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. हवं ते उत्तर आलं की आपणही मान डोलावतो, आणि समोरचा माणूस ती मान हान्ससारखीच वाचतो.

तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत अंगावरचे भोवरे पाहून घोडा पारखणारे लोक भेटतात. शुभ भोवऱ्याचा घोडा खरंच गुणी निघतो, की शुभ मानल्यामुळे त्याला जास्त मायेनं वागवलं जातं? आधी मी हसले असते. आता वाटतं, प्रश्न चांगला आहे, फक्त मोजणाऱ्याला भोवरा दिसता कामा नये.

मामांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, सोडलंत." माझं नवं मोजमाप पुढच्या सोमवारपासून सुरू. या वेळी मोजणार मैत्रीण, आणि मी फक्त खरारा करणार.