सायकल प्रवासातला पावसाचा मुक्काम : विश्रांती कशी घ्यावी, काय तपासावे?

पाच-सहा दिवस रोज ७०-८० किलोमीटर सायकल चालवून तुम्ही सिंदी (रेल्वे) येथे मुक्कामाला पोहोचलात आणि रात्रीपासून पावसाची झड लागली. नाल्यांना पूर आहे, शेतरस्त्यावरची काळी माती चाकाला चिकटते आहे. अशा वेळी 'एक दिवस वाया गेला' असे वाटते. पण हा दिवस शरीराच्या दुरुस्तीचा आहे. शिवाय रोजच्या घाईत ज्या तक्रारींकडे दुर्लक्ष होते, त्या आज शांतपणे तपासता येतात. उद्या निघायचे की नाही, हे त्यावरूनच ठरवावे.

विश्रांतीच्या दिवशी शरीरात काय होते?

स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. रोज तासन्‌तास पायडल मारल्याने हा साठा कमी होत जातो. पोटभर जेवण मिळाले तर तो पुन्हा भरायला साधारण २४ तास लागतात. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजाही याच काळात भरून येऊ लागतात. सवय नसलेल्या श्रमाने होणारी अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते. त्यामुळे थांबल्यावर पाय अधिक दुखले तरी घाबरू नका.

जेवणात पोळी, वरण-भात, पोहे, केळी, दूध, दही, उसळ, अंडी असे साधे पदार्थ पुरेसे आहेत. आज सायकल नाही म्हणून कमी खाऊ नका. ताजे आणि गरम खा. पावसाळ्यात उघड्यावरची चटणी, कापलेली फळे टाळा. पाणी उकळून गार केलेले किंवा सीलबंद बाटलीतले प्या.

दिवसभर पडून राहू नका. तासा-दीड तासाने उठून पाच-दहा मिनिटे चाला. रात्री आठ तास झोप घ्या. देवळाच्या किंवा शाळेच्या ओट्यावर मुक्काम असेल तर जमिनीवर झोपू नका. या दिवसांत मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा साधा बचाव आहे.

पहिली तपासणी : लघवीचा रंग

पावसात तहान कमी लागते, पण रेनकोटच्या आत घाम भरपूर जातो. सकाळी लघवी गडद पिवळी असेल तर शरीरात पाणी कमी आहे. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्या. जुलाब झाले असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घ्या.

लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली, स्नायू खूप दुखत असतील किंवा पायांत ताकद वाटत नसेल, तर ही साधी दमणूक नाही. अतिश्रमाने स्नायू तुटून त्यांतील रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

याच कारणाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊन सायकल चालवणे धोक्याचे आहे. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. वेदना फारच असतील तर प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी आणि दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे. यकृताचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेतल्याशिवाय पायडल मारता येत नसेल, तर अजून विश्रांती हवी आहे असे समजा.

दुसरी तपासणी : त्वचा, हात आणि गुडघे

ओल्या चड्डीत तासन्‌तास बसल्याने जांघेत आणि बैठकीच्या जागी कातडी सोलवटते, फोड येतात. आज ती जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, सैल सुती कपडे घाला. फोड फोडू नका. कडांवर लालसर, खाजणारे गोल चट्टे असतील तर तो नायटा असू शकतो. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. त्याने खाज थांबते, पण नायटा पसरतो.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर हँडलवर तळहाताचा दाब जास्त पडतो आहे. हँडल थोडे वर घ्या, हातमोजे वापरा. पकड सैल वाटू लागली तर पुढे जाऊ नका. गुडघा पुढून दुखत असेल तर अनेकदा सीट खाली असते. मागून दुखत असेल तर ती फार उंच असते. बदल थोडा-थोडा करा.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर ती जोरात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

तिसरी तपासणी : ताप

ताप असताना सायकल चालवू नका. श्रमाने हृदयावर ताण येतो आणि आजारही बळावतो. पुराच्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिस आणि ओल्या गवतात बसल्यास स्क्रब टायफस होऊ शकतो. विदर्भात पावसाळ्याच्या उत्तरार्धात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात. हे आजार आठवडा-दोन आठवड्यांनी, म्हणजे कदाचित घरी परतल्यावर उफाळतात. तेव्हा डॉक्टरांना प्रवासाबद्दल अवश्य सांगा. अंगावर, विशेषतः काखेत किंवा जांघेत, काळी खपली दिसल्यास तीही दाखवा. वेळेत योग्य प्रतिजैविक मिळाले तर दोन्ही आजार बरे होतात.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

- छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे
- तपकिरी लघवी, किंवा आठ-दहा तास लघवी न होणे
- तापासोबत डोळे पिवळे होणे, गुंगी किंवा सतत उलट्या
- पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळता न येणे (मण्यारीचा दंश असू शकतो)

१०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. पत्ता सांगताना 'सिंदी रेल्वे' असे पूर्ण नाव सांगा, कारण वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे) हे वेगळे गाव आहे. याच जिल्ह्यात सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

उद्या निघावे का?

सकाळी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा दहाने किंवा जास्त वाढलेली असेल, झोप लागली नसेल किंवा भूक नसेल, तर आणखी एक दिवस थांबा. लघवी फिकट, ताप नाही, गोळीशिवाय दुखणे सोसण्याजोगे आणि पाऊस ओसरलेला असेल तर निघा; पण पहिल्या दिवशी निम्मेच अंतर ठेवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी सायकल घालू नका.

आणि शरीर नाहीच म्हणाले, तर सिंदी मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. उरलेला टप्पा रेल्वेने केला म्हणून प्रवास कमी दर्जाचा ठरत नाही.