रवाळ लाडू आणि रवाळ गाडी

गेल्या दसऱ्याची गोष्ट. आमची जुनी पद्मिनी धुऊनपुसून सोसायटीच्या आवारात उभी केली होती. झेंडूचा हार, आंब्याचा टाळ, चाकाखाली लिंबू असा सारा थाट झाला होता. आई पूजेचे ताट घेऊन आली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यापूर्वी तिने सवयीने पत्र्यावरून तळहात फिरवला आणि ती थांबलीच.

"अरे, हे रवाळ का लागतंय? बेसनाचा लाडू रवाळ असावा. गाडी कशाला?"

मी हात फिरवून पाहिला. लांबून आरशासारखी चमकणारी गाडी हाताला रव्यासारखी लागत होती! दोनच दिवसांपूर्वी चांगले पैसे मोजून तिला नवा रंग दिला होता. माझा चेहरा पाहून सौ. समजुतीने म्हणाली, "असू दे, लांबून छानच दिसते." पण आई काही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

ही गाडी अण्णांनी 1984 साली घेतलेली. सायीच्या रंगाची, स्टिअरिंगलाच गियर असलेली. दर रविवारी सकाळी अण्णा तिला मऊ पिवळ्या फडक्याने पुसत, आणि पुसून झाल्यावर डोळे मिटून बॉनेटवर एकदा हात फिरवीत. अण्णा गेल्यावर तो हात फिरवण्याचे काम आईने आपणहून स्वतःकडे घेतले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची गेली तेव्हा आईने ती बातमी दोनदा वाचली होती. त्यामुळे गाडी विकण्याचा विषय आमच्या घरी निघत नाही. दारांच्या खालच्या कडा गंजू लागल्या म्हणून मी ती रंगवायला दिली, ती दसऱ्याच्या बरोबर आठ दिवस आधी. "दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणजे हवीच," असे मी जवळच्या वर्कशॉपवाल्याला तीन तीन वेळा बजावले होते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर आले.

करायला गेलो गणपती

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रंगाची खर आपणच घासून काढावी, त्यात काय मोठेसे, अशी बुद्धी मला झाली. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि बोटांनी दाबून मडगार्ड घासू लागलो. दहा मिनिटांत मडगार्डच्या धारेवर रुपयाएवढा राखी डाग उमटला. रंग संपून खालचा प्रायमर वर आला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! चिरंजीवांनी लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला, तो आजही घरात मला दाखवला जातो.

शेवटी एका स्नेह्यांनी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. चाळीसेक वर्षे गाड्याच रंगवलेला माणूस. त्यांनी गाडीकडे पाहिलेही नाही म्हटले तरी चालेल. खिशातून भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, हातात मोज्यासारखी चढवली आणि गाडीच्या अंगाखांद्यावरून हळूहळू फिरवली. मलाही तसेच करायला सांगितले. नुसत्या हाताला जे रवाळ वाटत होते ते पिशवीतून चक्क काटेरी लागले. हात घसरत जातो आणि बारीक कणही बोटांना मोठा होऊन कळतो. वाचकांनी आपल्या गाडीवर हा प्रयोग जरूर करून पाहावा. गाडी मात्र आधी धुतलेली असावी, नाहीतर धुळीनेच ओरखडे पडतील.

"साहेब, घाई कोणी केली होती?" मिस्त्रींनी विचारले.

मी गप्प राहिलो.

खरखर चार प्रकारची

मिस्त्रींनी मग मला गाडीभोवती फिरवून चार ठिकाणी चार वेगळे दोष दाखवले. माझ्या लेखी सगळे सारखेच खरखरीत होते. त्यांच्या लेखी प्रत्येकाचे कारण निराळे आणि औषधही निराळे.

बॉनेटवर होते ते धुळीचे कण. ओल्या रंगात बसलेला कण तिथेच वाळतो आणि त्याच्याभोवती रंगाची इवलीशी टेकडी होते. ही धूळ कुठून येते? जमिनीवरून, रंगवणाऱ्याच्या कपड्यांवरून, न गाळलेल्या रंगातून, आणि पुष्कळदा गाडीच्याच फटींतून. घासताना पडलेली भुकटी बॉनेटच्या आणि दारांच्या फटींत बसते आणि गनची हवा लागताच बाहेर उडते. काचा झाकायला वर्तमानपत्र लावले असेल तर त्याचे तंतूही उडतात.

दारांवर होती संत्र्याची साल. नागपुरी संत्र्याच्या सालीवर असतात तशा बारीक खळ्या. गनमधून रंग थेंबाथेंबांनी उडतो. पत्र्यावर पडल्यावर ते थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हावे लागतात. रंग जाड राहिला, हवेचा दाब कमी पडला किंवा थिनर फार लवकर उडणारा असला, तर थेंब मिसळण्याआधीच घट्ट होतात.

टपाचा मधला भाग तर थेट पॉलिश पेपरसारखाच होता. "हा कोरडा फवारा," मिस्त्री म्हणाले. टपाच्या मध्यापर्यंत हात पुरत नाही, म्हणून रंगवणारा लांबूनच गन मारतो. तेवढ्या अंतरात थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि पत्र्यावर भुकटी होऊन बसतात. यासाठी मिस्त्री स्वतः पाटावर चढून, एका बाजूने मध्यापर्यंत येतात आणि मग दुसऱ्या बाजूने.

आणि मागच्या दाराच्या तळाशी एक ओघळ होता. तिथे उलट झाले होते. गन फार जवळ, हात फार संथ.

माझ्या मडगार्डच्या पराक्रमाकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "धारेवर रंग नेहमी पातळच बसतो, साहेब. ओला असताना तो धारेवरून मागे सरकतो. आम्ही घासताना धारेला चिकटपट्टी लावतो."

केसाहून पातळ

आपण सारेच गाडीच्या रंगाला सहज 'ड्युको' म्हणतो. हे नाव शंभर वर्षांचे आहे. पूर्वी गाड्या बग्गीसारख्या ब्रशने रंगवीत आणि व्हार्निशचे थर वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. 1923 साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचा ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर ओकलंड गाड्यांवर आला आणि फवाऱ्याने रंगवण्याचे युग सुरू झाले. आज बहुतेक ठिकाणी हार्डनर मिसळलेला पीयू रंग वापरतात, पण नाव ड्युकोचेच चिकटून राहिले आहे.

अशा साध्या पीयू रंगाचे दोन हात वाळल्यावर मिळून साधारण 50 ते 60 मायक्रॉनचे होतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपण जे घासून गुळगुळीत करायला निघतो, त्याची सारी पुंजी एका केसाहून पातळ! कण काढायला घासावे तेवढे हे भांडवल खर्च होते आणि परत येत नाही. मेटॅलिक गाडीवर तर चमकीच्या रंगाला हातच लावता येत नाही. जे काही घासायचे ते त्यावरच्या पारदर्शक थरात, आणि उन्हापासून रक्षण करतो तोही तोच थर. तिथे चूक झाली की पुन्हा गन काढण्यावाचून उपाय नाही.

मिस्त्रींनी बॉनेटला केलेले काम मी समोर बसून पाहिले. 1500 नंबरचा वॉटर पेपर त्यांनी आधी पाण्यात भिजत घातला, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले. पेपर बोटांत धरला नाही, छोट्या रबरी ठोकळ्याला गुंडाळला. बोटांनी घासले की बोटांच्या रेघा पडतात. ठोकळा फक्त उंच टेकडीलाच लागतो. चार हलके हात, मग पुसून पाहायचे. कणाचा माथा सपाट झाला की थांबायचे. मग 2000 नंबर, मग 3000, आणि शेवटी रबिंग कंपाउंड व बफिंग मशीन. मशीन एका जागी क्षणभरही थांबू दिले नाही, कारण तापले की रंग जळतो. संत्र्याची सालही याच रीतीने, पण पुरती सपाट करण्याचा हट्ट न धरता काढली. ओघळाला आधी एकट्यालाच ठोकळ्याने खाली आणले.

टपाला मात्र ही युक्ती लागू नव्हती. कोरडा फवारा वरवर घासून चमकला तरी आत पोकळ राहतो आणि थोड्याच दिवसांत निस्तेज होतो. टप 800 नंबरने सपाट घासून, मडगार्डच्या डागावर प्रायमर देऊन, दोन्ही पुन्हा रंगवायचे ठरले. "किती दिवस?" असे तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले.

तयारी चार दिवस, रंग अर्धा तास

रंगवण्याच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी गाडीच्या साऱ्या फटींत हवा मारून भुकटी बाहेर काढली. शेडची जमीन पाणी शिंपडून ओली केली. कॉम्प्रेसरच्या सापळ्यात साठलेले पाणी सोडून दिले. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब हवेबरोबर गेला तर रंगात खड्डे पडतात. टप तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसला, मग चिकट फडक्याने हलकेच टिपला. रंग कागदी चाळणीतून गाळून घेतला. एका जुन्या पत्र्यावर गन मारून फवारा तपासला. मग गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, काटकोनात धरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवीत हात फिरवला. सारे मिळून अर्धा तास. त्याआधीची तयारी चार दिवसांची. जवळच्या वर्कशॉपमध्ये माझ्या घाईने हेच चार दिवस कापले होते. तिथे रस्त्याकडेला उघड्यावर, संध्याकाळच्या ओलसर हवेत गाडी रंगली. दोष एकट्या त्यांचा कसा म्हणू?

एक गोष्ट मात्र मला त्या वर्कशॉपमध्येच खटकायला हवी होती. तिथला वीसेक वर्षांचा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून गन मारत होता. मिस्त्रींनी काम सुरू करण्यापूर्वी कोंडाळ्यातल्या सगळ्यांना बाहेर काढले आणि नळीतून बाहेरची स्वच्छ हवा येणारा मुखवटा चढवला. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला ते सोसेनासे झाले की पुढे अगदी थोडेही त्रास देते. रुमालाने ते अडत नाही. "माझ्या जोडीदाराला गन सोडावी लागली," मिस्त्री म्हणाले, "आता जिना चढताना तीनदा थांबतो." गुळगुळीत गाडीसाठी कुणाची छाती खरखरीत व्हावी हे कोणत्या घराला आवडेल? म्हणून गाडी टाकण्यापूर्वी रंगवणाऱ्याकडे मुखवटा आहे का, हे जरूर पाहा. आणि हा रंग घरच्या आवारात, मुलाबाळांत मारण्याचा विचारही करू नका.

एवढे विचारा, एवढे पाळा

गाडी रंगायला देताना भाव विचारतो तसेच आणखी काही विचारावे. गाडी बंद शेडमध्ये रंगणार की उघड्यावर? रंग गाळून घेणार ना? पाऊस आला तर दिवस पुढे ढकलणार ना? आणि आपण स्वतः तारीख सांगू नये, त्यांना विचारावी. नवा रंग घरी आल्यावर निदान महिनाभर मेणाचे पॉलिश लावू नये, कारण आतले थिनर पुरते उडायला वेळ लागतो. पहिले काही दिवस कव्हर घालू नये, पक्ष्यांची विष्ठा पडली तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावी, आणि दिवाळीत फटाक्यांपासून गाडी लांब उभी करावी.

जुन्या, न रंगवलेल्या गाडीला खर आली असेल तर घाबरू नये. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, रस्त्याचे डांबर वरून चिकटलेले असते. तिथे पेपर घेऊ नये. गाडी धुऊन, साबणपाण्याने ओली ठेवून, या कामासाठी मिळणारी मऊ क्ले हलक्या हाताने फिरवली की बहुतेक खर निघून येते. क्ले जमिनीवर पडली तर मात्र टाकून द्यावी, मातीचा एक खडाही ओरखडे पाडतो.

आमची गाडी घरी आली ती पाडव्याच्या आदल्या दिवशी. मी आईला काही सांगितले नाही. पाडव्याला सकाळी फराळाचे ताट शेजारी देऊन ती परत येत होती, तेव्हा गाडीपाशी थबकली. पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश तळहात फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

घरात आल्यावर तिने माझ्या पुढ्यात बेसनाचा लाडू ठेवला.

"हा बघ," ती म्हणाली, "हा रवाळ झालाय."